दुरुस्तीला ठेवलेली जर्सी

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, काच घासायच्या चाकाच्या बरोबर वर, खुंटीला एक हॉकीची जर्सी टांगलेली असे. उलटी. शिवणी बाहेर, दोऱ्यांची टोकं बाहेर, पाठीवरच्या आकड्याची मागची बाजू बाहेर. बाहेर आलेली बाजू काचेच्या धुळीने आणि उजेडाने विटून राखाडी झालेली, आणि चारचौघांत मिरवायची जी बाजू, ती आत मिटलेली. एखादं नवं गिऱ्हाईक आत डोकावून म्हणायचं, "अहो, ती उलटी टांगलीय." त्यावर चष्मेवाल्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "दिसतंय मला. चष्मा तुम्हाला करायचाय, मला नाही."

जुन्या गिऱ्हाइकांना विचारावं लागत नसे. त्यांना सगळी कथा ठाऊक होती.

हे दुकान चष्मेवाल्यांच्या वडिलांनी काढलं तेव्हा समोर कापडगिरणी होती. गिरणीत कापड तपासणारी माणसं असत. दिव्यासमोरून कापड सरकत जायचं आणि ही माणसं त्यातली तुटलेली तार, बसलेली गाठ, पडलेला डाग शोधायची. अशा कामाने डोळे लवकर थकतात. गिरणीने ती माणसं पोसली आणि त्या माणसांनी हे दुकान पोसलं. तर या लोकांची एक रीत होती. ताग्यात खोट सापडली की तागा उलट्या घडीने बाजूला ठेवायचा, आतली बाजू वर करून. लांबून बघणाऱ्यालाही कळावं, की हा माल अजून पुरा झालेला नाही. टाकाऊ नाही हं. टाकाऊ माल वेगळा, तो चिंध्यांत जायचा. उलटा तागा म्हणजे दुरुस्तीला ठेवलेला.

गिरणीची हॉकीची टीम होती. जर्सीचं कापड गिरणीचं, रंगही गिरणीच्याच रंगखात्यातला. सामना हरला की बघायला आलेली माणसं तिथेच पायऱ्यांवर जर्सी काढून उलटी करून घालायची आणि तशीच घरी जायची. पुढच्या सामन्यालाही उलटीच. जिंकलं की सुलटी. रडारड नाही, आदळआपट नाही. माल दुरुस्तीला ठेवला, एवढंच.

शेवटचा सामना होता गोदीच्या टीमशी. गिरणी आणि गोदी म्हणजे विळा आणि भोपळा. बरोबरीत चाललेला सामना, शिट्टी वाजायच्या बेतात, आणि गिरणीच्या गोलकीपरच्या दोन्ही पायांमधून चेंडू अगदी ओळखीच्या घरात शिरावा तसा आत गेला. त्या दिवसापासून त्या गोलकीपरचं नाव 'फाटक' पडलं, कारण ते ऐन वेळी उघडं राहिलं. सगळ्यांनी जर्स्या उलट्या केल्या, पुढच्या सामन्याची वाट बघू लागले, आणि पुढचा सामना आलाच नाही. गिरणी बंद झाली. टीम एकटी तग धरेना, म्हणून ती गोदीच्या टीमबरोबर एक केली गेली. ज्यांच्याशी भांडलो, ज्यांच्याकडून हरलो, त्यांच्याच घरी नांदायला जायचं! गिरणीची हिरवी गेली, गोदीची लाल गेली, निळी आली. चष्मेवाल्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली. त्यांच्या हिशेबी गिरणी त्यानंतर एकदाही जिंकली नव्हती आणि आता जिंकणारही नव्हती. म्हणून जर्सी उलटीच.

त्यांची मुलगी मात्र तेव्हा शाळेत होती. तिला हॉकी बघायची होती, मग निळी का होईना. ती मैत्रिणींबरोबर जायची. बापलेकीत दोन वर्षं धुसफूस झाली आणि मग तह झाला, की दुकानात आणि घरात हॉकीचा विषय काढायचा नाही. तो तह इतका मुरला, की मुलगी मोठी झाली, डोळे तपासायचं शिकली, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, दुकानाची पुढची बाजू तिने सांभाळायला घेतली, तरी तो मोडला नाही. ती पुढे अक्षरांच्या तक्त्याजवळ लोकांचे नंबर काढायची, चष्मेवाले मागे बसून काड्यांचे स्क्रू पिळायचे.

तह मोडला तो नातीने. तिचं नाव घरात भिंगरी. भिंगवाल्यांच्या घरात दुसरं काय जन्माला येणार, असं फाटक म्हणायचा. ती एका दुपारी कॉलेजातून थेट मागच्या खोलीत आली आणि खुंटीकडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबा, ही मला पाच मिनिटं सुलटी करून द्या."

चष्मेवाल्यांच्या हातातला स्क्रू निसटला. तो शोधण्यात बराच वेळ गेला, कारण असले स्क्रू तिळाएवढे असतात आणि पडले की जमीन त्यांना गिळते. फाटक रोजच्यासारखा स्टुलावर बसून चहा पीत होता, तोही वाकून शोधू लागला.

"कशाला?" स्क्रू सापडल्यावर चष्मेवाले म्हणाले.

"आम्ही पोरं मिळून गिरणीच्या जुन्या जर्स्या नव्याने शिवून घेतोय. सगळ्या पायऱ्या हिरव्या करायच्या. पण हिरवा म्हणजे कुठला हिरवा, तेच कळत नाही. फोटो सगळे काळे-पांढरे. एक म्हातारबाबा म्हणाले पोपटी."

"पोपटी!" चष्मेवाले आणि फाटक एका आवाजात ओरडले.

"दुसरे म्हणाले बाटलीसारखा."

"बाटली त्याच्या तोंडाला लागलेली असेल," फाटक म्हणाला.

"मग तुम्ही सांगा ना."

फाटक म्हणाला, "म्हणजे बघ, पान असतं ना, पण ओलं... नाही, ओलं नाही." चष्मेवाले म्हणाले, "शेवाळ, पण त्यात जरा..." आणि थांबले. रंगखात्यात उरलेसुरले रंग एकत्र करून तो केलेला होता. त्याला बाजारात नाव नव्हतं.

"गळ्यातून जरा आत डोकावू?" भिंगरी खुंटीकडे सरकली.

"हात लावायचा नाही! हरलेली जर्सी आहे ती. जिंकल्याशिवाय सुलटी होत नाही."

"ठाऊक आहे मला हरल्यावर उलटी घालतात ते. पण आजोबा, त्याला किती वर्षं झाली! आणि आपण गेल्या महिन्यातच जिंकलो की."

"आपण म्हणजे कोण?"

"आपण म्हणजे आपण! आपली टीम."

"तुमची टीम," चष्मेवाले शांतपणे म्हणाले. "आम्ही त्या दिवशी हरलो. त्यानंतर आम्ही खेळलोच नाही."

फाटकाने कप खाली ठेवला. "अरे बाबा, गोल खाल्ला मी. शिक्षा भोगतोय तो बनियन. माझ्याकडे बघ, मी रोज ताठ मानेने फिरतो."

"तुला लाज नाही, बनियनला आहे."

भिंगरी हसली, पण हटली नाही. आजोबांची नात होती ती, हट्ट दोन पिढ्यांचा साठला होता. म्हणाली, "बरं. मग आम्ही पोपटीच करतो. तीन-चारशे लोक पोपटी घालून बसतील आणि म्हणतील, ही गिरणीची."

हा बाण बरोबर लागला. चष्मेवाल्यांच्या डोळ्यांसमोर पोपटांचा थवाच आला. पण सुलटी करायची, तर गिरणी जिंकायला हवी. आणि ती जिंकली असं म्हणायचं, तर त्या निळ्या टीमला गिरणी म्हणायला हवं. इकडे आड, तिकडे विहीर.

"एक करा," भिंगरी म्हणाली. "शनिवारी सामना आहे. ही घालून या. उलटीच घाला, माझं काही म्हणणं नाही. आपण जिंकलो, तर तिथेच सुलटी करायची. हरलो, तर मी पुन्हा मागणार नाही. पोपटी तर पोपटी."

पुढच्या खोलीत एवढा वेळ कुणाला तरी "वरची ओळ वाचा, आता खालची" म्हणणारी मुलगी एकदम गप्प झाली होती. गिऱ्हाईक खालची ओळ वाचून बसलं होतं आणि तिचं लक्ष नव्हतं.

"घाबरतोय तो," फाटक म्हणाला.

"कोण घाबरतोय? येतो," चष्मेवाले म्हणाले.

शनिवारी जर्सी अंगात शिरायला कुरकुरली. मधल्या काळात ती होती तेवढीच राहिली होती आणि चष्मेवाले पुढच्या अंगाने बरेच प्रगत झाले होते. शेवटी मुलीने मागून ओढली, फाटकाने पुढून दाबली, वरून कोट चढवला आणि स्वारी निघाली. बाहेर राहिलेल्या शिवणी कोटाच्या अस्तरात अडकत होत्या, पण त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही.

मैदान तेच होतं, पायऱ्याही त्याच. गवताच्या जागी हिरवा गालिचा अंथरल्यासारखं काहीतरी होतं आणि त्यावर पाणी मारलेलं होतं. सगळीकडे निळंच निळं. भिंगरीने त्यांना मधल्या पायरीवर बसवलं, एका बाजूला फाटक, दुसऱ्या बाजूला मुलगी. मुलीच्या अंगात एक विटकी निळी जर्सी होती, छातीवर कुठल्याशा गादीवाल्याची जाहिरात.

"हे काय घातलंयस?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"माझ्या वेळची. गादीची वर्षं म्हणतात त्यांना. तेव्हा आम्ही सारखे हरायचो. लोक म्हणायचे, गादीच दिलीय तर झोपणारच."

"आणि तरी जपून ठेवलीस?"

"जपून कशाला? वापरते."

"आई, मला दे ना ती," मागून भिंगरी म्हणाली. "आमच्यात गादीवालीला सगळ्यात जास्त मान आहे."

"हरलेल्या वर्षांना मान?" चष्मेवाल्यांना हे नवंच होतं.

"जिंकताना काय, कुणीही येतं, आजोबा."

तेवढ्यात सामना सुरू झाला.

त्यांनी मनाशी ठरवलं होतं, पाहुण्यासारखं बसायचं. टाळी नाही, ओरडणं नाही. सुरुवातीला जमलंही. पण हॉकी बघणारा माणूस आणि उकळतं दूध, दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं. डावीकडून एक सडपातळ पोरगा चेंडू घेऊन असा निघाला, की स्टिकला चिकटवलाय की काय असं वाटावं. चष्मेवाल्यांची पाठ सरळ झाली. दुसऱ्या खेपेला ते पायरीच्या कडेला आले. समोरच्या टीमने गोल केला तेव्हा त्यांनी मांडीवर हात आपटला. निळ्यांनी तो फेडला तेव्हा ते आधीच उभे होते. कधी उठले ते त्यांनाच कळलं नव्हतं.

आणि मग समोरच्या बचाववाल्याच्या पायाला चेंडू लागला, उघड उघड लागला, अन् पंचाने शिट्टी फुंकली नाही.

"ओ पंच!" चष्मेवाले गरजले. "आपला कॉर्नर होता तो! डोळे आहेत की बटणं? या माझ्या दुकानात, फुकट तपासून देतो!"

पायऱ्या खदखदून हसल्या. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, बसा. त्यांचा नंबर मीच काढलाय. आपल्याच दुकानातला चष्मा आहे तो."

"मग परत बोलव त्याला!"

फाटकाने भिंगरीला कोपराने ढोसलं. 'आपला कॉर्नर' दोघांनीही ऐकला होता. चष्मेवाल्यांनी मात्र तो ऐकला नव्हता. ते ओरडण्यात गुंतले होते.

शेवटी व्हायचं तेच झालं. बरोबरीत चाललेला सामना, शिट्टी वाजायच्या बेतात, आणि निळ्यांच्या गोलकीपरने पुढे झेप घेतली ती जरा लवकर घेतली. चेंडू त्याच्या अंगावरून गेला. फाटकाने डोळे मिटले. "बिचारं पोर," तो म्हणाला. "आता नाव काय पडतंय बघ."

चष्मेवाले खाली बसले. म्हणजे पैज ते जिंकले होते. जर्सी सुलटी करायची नव्हती, कुणाला टीम म्हणायचं नव्हतं, सगळं जसंच्या तसं खुंटीवर जाणार होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण घशात काहीतरी अडकलं होतं, आणि ते काय असतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. तोच जुना आवंढा. आपली टीम हरल्याशिवाय तो येत नाही.

त्यांनी नजर वर केली, तर पायऱ्यांवर वेगळीच हालचाल चालली होती. पोरं डोक्यावरून जर्स्या काढत होती. काढून उलट्या करत होती. करून पुन्हा घालत होती. एक बाई कडेवरच्या लेकराचा इवलासा निळा सदराही उलटा करत होती. ते हात झटकत होतं, तरी. वरपासून खालपर्यंत शिवणीच शिवणी, दोऱ्यांची टोकं, आकड्यांच्या मागच्या बाजू. कुणी रडत नव्हतं, कुणी शिव्या देत नव्हतं.

"हे... हे काय करतायत?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"हरलो ना," भिंगरी जर्सीत डोकं अडकलेलं असतानाच बोलली. "माहितेय की तुम्हाला."

शेजारच्या पायरीवर त्यांच्याच वयाचा एक गडी विटक्या लाल जर्सीशी झटापट करत होता. चष्मेवाल्यांनी त्याला ओळखलं. गोदीवाला. पूर्वी समोरच्या बाजूला बसून हा ढोलासारखा डबा बडवायचा.

"तू कशाला उलटी करतोयस?" चष्मेवाले म्हणाले. "ही गोदीची रीत नव्हे."

"नव्हतीच," गोदीवाला धापा टाकत म्हणाला. "आमच्यात हरलो की सरळ घरी जाऊन जेवायचो. पण नातवंडं ऐकतात का? इतकी वर्षं उलटी घालतोय, बगलेत शिवण टोचून टोचून घट्टा पडलाय. आणि हे सगळं कुणी आणलं, विचार. तुझ्याच लेकीने."

चष्मेवाल्यांनी मुलीकडे पाहिलं. ती गादीवाली जर्सी उलटी करून घालत होती. तिच्या स्वेटरच्या बाह्या वर सरकल्या होत्या. गादीच्या जाहिरातीची अक्षरं आता उलट्या बाजूने, पुसट दिसत होती.

"पहिल्याच सामन्याला हरलो होतो," ती म्हणाली. "मी आपली उलटी केली. मला वाटलं, हरल्यावर असंच करतात. मी तर तेच पाहिलं होतं, तुमच्या खांद्यावर बसून. मैत्रिणींनी विचारलं, मी ताग्याची गोष्ट सांगितली. पुढच्या वेळी दहा-बारा जणींनी केली. मग काय, गादीची वर्षं! इतकं हरलो, की रीत पडायला वेळ लागला नाही."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही बोलू दिलंत?"

हे मुलगी चिडून बोलली नाही. कॉलर नीट करत, सहज बोलली. पण चष्मेवाल्यांना दुकानातला तो मुरलेला तह आठवला, आणि त्यात कोण किती वर्षं काय गिळून बसलं होतं, हेही कळलं. ते उठले आणि कोट काढून हातावर घेतला. आत जर्सी होती, आधीच उलटी.

भिंगरीचं डोकं एव्हाना बाहेर आलं होतं. तिने पाहिलं आणि हसू फुटलं. "आजोबा, तुम्ही तर तयारच होऊन आलात!"

"मग! कामात पहिल्यापासून वेळेच्या आधी," फाटक म्हणाला. "इतका आधी कुणी आला नसेल."

सगळी मंडळी तशीच उलट्या अंगाने रस्त्यातून घरी निघाली. वाटेत कुणी पानवाल्याने, कुणी रिक्षावाल्याने नुसतं बघून ओळखलं. "हरलात वाटतं?" "हरलो," चष्मेवाल्यांनी उत्तर दिलं. आणखी थोडं पुढे गेल्यावर पुन्हा कुणी विचारलं, पुन्हा म्हणाले, "हरलो." त्या शब्दाची त्यांना इतकी गोडी कधी वाटली नव्हती.

भिंगरीने दिल्या शब्दाप्रमाणे रंग पुन्हा विचारला नाही. पुढच्या सामन्याला चष्मेवालेच न सांगता तयार झाले. समोरची टीम कुठलीशी नवशिकी होती. निळ्यांनी तिला सहज लोळवलं. ना थरार, ना रडणं, जांभया देण्याजोगा सामना. शिट्टी वाजली तशा पायऱ्यांवर भराभर जर्स्या सुलट्या होऊ लागल्या. चष्मेवाल्यांनी मुलीला पाठ दिली. "ओढ," म्हणाले. ती ओढू लागली. निम्म्यात अडकली, तेव्हा फाटकाने हातभार लावला. आतल्या साध्या बनियनवर उभं राहून त्यांनी ती स्वतःच्या हाताने उलगडली. आधी एक बाही, मग दुसरी, मग सगळी.

इतकी वर्षं उजेडाकडे पाठ करून बसल्यामुळे रंग जसा रंगखात्यातून आला तसाच्या तसा होता. आजूबाजूची पोरं पुढे झुकली.

"बाबा, थंडी वाजेल, घाला लवकर," मुलगी म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता.

"पाहू दे की तिला," चष्मेवाले म्हणाले आणि जर्सी भिंगरीच्या समोर धरली. "बघ. हा."

भिंगरीने बघितलं, पुन्हा बघितलं. "हा तर... मोरपंखी आहे?"

"छे! मोरपंखी कुठला?" फाटक म्हणाला. "ओलं पान."

"माझ्या आठवणीत तर हा निळाच होता," गोदीवाला मागून म्हणाला.

"तुम्हाला लांबून दिसायचा. समोर बसायचात ना!" चष्मेवाले म्हणाले.

"शेवाळी म्हणा हवं तर," मुलगी म्हणाली, "पण वर चमक आहे, तिचं काय?"

भिंगरीने मोबाइलवर फोटो काढला, तर फोटोत तो चक्क काळा आला. पुन्हा काढला, तर पोपटी. सगळ्यांनी एकच गलका केला. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, जर्सीच नेते रंगाऱ्याकडे. समोर ठेवून रंग जुळवायला सांगते."

ही जर्सी त्यांच्या नजरेआड कधी गेली नव्हती. चष्मेवाल्यांनी ती हातात तोलली, खांद्याची शिवण बोटाने चाचपली आणि तिच्या हातात दिली. वर कोट चढवून गळ्यापर्यंत बटणं लावली.

"ने. पण पुढच्या सामन्याच्या आत परत आण."

"आणि तोवर रंगाऱ्याने ठेवून घेतली, अन् आपण हरलो तर?" फाटकाने विचारलं.

"तर त्याला निरोप दे," चष्मेवाले म्हणाले, "उलटी करून ठेव म्हणावं."